घर सुटते, पत्ता सुटत नाही

दिवाळीपूर्वीची गोष्ट आहे. परिचयातील एका घरी गेलो होतो. वडील बँकेतून निवृत्त झालेले, आईने पंचवीस-तीस वर्षे शाळेत शिकवलेले. एकुलता एक मुलगा अभियंता. अमेरिकेत जाऊन त्याला बारा-तेरा वर्षे झाली, तिथले नागरिकत्वही मिळाले. दरवर्षीप्रमाणे त्याला पाठवायचा फराळ डब्यांत भरून तयार होता. खोक्यावर पत्ता घालण्यापूर्वी सहज विचारून घ्यावे म्हणून आईने फोन केला, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, जुन्या पत्त्यावर पाठवू नकोस. ती जागा मी सोडली. आता मी गाडीतच राहतो."

नोकरी गेली की काय, या शंकेने दोघांचाही जीव घाबरा झाला. तसे काही नव्हते. नोकरी होती, ती संगणकावरून कुठूनही करता येत होती. भाड्याची जागा, पलंग, कपाटे, दूरचित्रवाणी संच यांचे ओझे नको झाले म्हणून त्याने सारे विकून टाकले होते. एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊन तिच्यात झोपायची फळी, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि टपावर सौर पट्ट्या बसवल्या होत्या. आज या राज्यात, महिन्याभराने त्या राज्यात, असा त्याचा क्रम सुरू झाला होता.

वडील मला म्हणाले, "आता लोकांना काय सांगायचे? मुलगा कुठे असतो असे कोणी विचारले, तर उत्तर काय द्यायचे?" आई मात्र एवढेच म्हणाली, "अहो, पण फराळ कुठे पाठवू?"

वडिलांचा प्रश्न प्रतिष्ठेचा होता, आईचा पत्त्याचा. घरी परतताना विचार करू लागलो, तेव्हा आईचाच प्रश्न अधिक खोल आहे असे वाटले. घर सोडता येते, सामान विकता येते, नोकरीही सोडता येते. पण पत्ता सोडता येतो का? ज्या अमेरिकेत चाकांवरच्या या संसाराची एवढी मोठी लाट आली, त्या देशाचा अनुभव या प्रश्नाचे काय उत्तर देतो, हे पाहण्यासारखे आहे.

हौसेपासून जीवनपद्धतीपर्यंत

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आपल्याकडे आहे. यंत्रयुगाने या बिऱ्हाडाला चाके आणि इंजिन दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने १९५० मध्ये आपली प्रसिद्ध पेटीच्या आकाराची गाडी बाजारात आणली. काही वर्षांतच तिच्यात पलंग आणि स्वयंपाकाची सोय बसवलेली रूपे निघाली आणि साठच्या दशकातील बंडखोर पाश्चात्य तरुणाईने ती आपलीशी केली. १९६० च्या शरद ऋतूत जॉन स्टाइनबेक या ज्येष्ठ अमेरिकन साहित्यिकाने मालवाहू ट्रकवर एक छोटी खोली चढवून, चार्ली नावाच्या कुत्र्याला सोबत घेऊन सुमारे दहा हजार मैलांची भ्रमंती केली. गाडीला त्याने डॉन किहोटेच्या घोड्याचे, रोसिनान्तेचे, नाव दिले होते. आपला देश आपण पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतूनच ओळखतो, तो प्रत्यक्ष पाहावा, हा त्याचा हेतू होता. प्रवास संपल्यावर तो घरी परतला आणि १९६२ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. परतायला घर होते, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे.

आजच्या लाटेचा आरंभ साधारणपणे २०११ हा मानला जातो. न्यूयॉर्कमध्ये वस्त्रसंकल्पनाच्या व्यवसायात असलेला फॉस्टर हंटिंग्टन हा तरुण त्या वर्षी नोकरी सोडून १९८७ सालच्या एका फोक्सवॅगन गाडीत राहू लागला. आपल्या मुक्कामांची छायाचित्रे तो 'व्हॅनलाइफ' या शब्दाच्या खुणेने प्रसिद्ध करू लागला आणि पाहता पाहता तो शब्द जगभर गेला. छायाचित्रांत गाडीचे मागचे दार उघडे असते, समोर निळा समुद्र किंवा बर्फाच्छादित पर्वत असतो, हातात कॉफीचा पेला असतो. पाहणाऱ्याला वाटते, हेच खरे जगणे. आपण मात्र हप्ते आणि हजेरीपट यांत अडकून पडलो.

जे छायाचित्रात दिसत नाही, तेही सांगितले पाहिजे. टाकीतले पाणी दोन-तीन दिवसांत संपते आणि ते भरायचे कुठे, हा प्रश्न रोज उभा राहतो. आंघोळीसाठी अनेकजण व्यायामशाळेचे सभासदत्व घेतात, कारण तिथे गरम पाणी मिळते. शौचाची व्यवस्था हा तर कोणीही चारचौघांत न बोलण्याचा, पण रोजचाच विषय. रात्री गाडी कुठे उभी करायची, मध्यरात्री पोलिसाने काचेवर टकटक केली तर काय सांगायचे, गाडी बिघडून दुरुस्तीला गेली तर त्या रात्री झोपायचे कुठे? घर बिघडते तेव्हा आपण घरात राहूनच ते दुरुस्त करतो. गाडी बिघडली की घरच गॅरेजमध्ये जाते.

तरीही या तरुणांच्या निवडीला सरसकट वेडेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कमी वस्तूंत जगता येते, गरजा आणि हव्यास यांत अंतर आहे, हे त्यांना कोणी प्रवचनातून शिकवलेले नाही. ते त्यांनी करून पाहिले आहे. ज्या समाजाने गेली काही दशके अधिक मोठे घर, अधिक मोठी गाडी आणि अधिक मोठे कर्ज एवढ्यालाच प्रगती मानले, त्या समाजातूनच हा प्रतिसाद उमटला आहे. आपल्या महानगरांतील मध्यमवर्गही वीस-वीस वर्षांच्या हप्त्यांनी बांधला गेलेला असताना, या प्रतिसादाकडे उपहासाने पाहण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरलेला नाही.

ज्या गावाचा पिनकोड पुसला गेला

परंतु या चाकांवरच्या जगात स्वेच्छेने आलेले तरुणच आहेत, असे समजणे ही मोठी चूक ठरेल. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात एम्पायर नावाचे एक छोटे गाव आहे. जिप्समच्या पत्र्यांच्या कारखान्याभोवती वसलेले हे कंपनीचे गाव. घरे कंपनीची, रस्ते कंपनीचे. २००८ च्या आर्थिक मंदीने घरबांधणी थंडावली, मागणी आटली आणि जानेवारी २०११ च्या अखेरीस कारखाना बंद झाला. कामगारांना घरे रिकामी करावी लागली आणि त्याच वर्षी टपाल खात्याने गावाचा ८९४०५ हा पिनकोडच रद्द केला. माणसे गेली, आणि पत्ताही गेला.

जेसिका ब्रूडर या पत्रकार महिलेने या काळातील भटक्या अमेरिकन वृद्धांबरोबर दीर्घकाळ राहून २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले. त्यावरून क्लोई झाओ यांनी काढलेल्या चित्रपटाला एप्रिल २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. चित्रपटाची नायिका काल्पनिक आहे, परंतु ती मूळची एम्पायरची दाखवली आहे, आणि तिच्या अवतीभवतीच्या अनेक व्यक्ती खऱ्या आहेत. त्यांतील लिंडा मे ही पुस्तकातही प्रामुख्याने येते. दोन मुली वाढवलेली, आयुष्यभर नाना प्रकारची कामे केलेली ही बाई. साठी उलटल्यावर तिच्या लक्षात आले की, सरकारी निर्वाहवेतन महिन्याला सुमारे पाचशे डॉलरच मिळणार आहे, आणि तेवढ्यात कुठल्याही शहरात घरभाडेसुद्धा भागत नाही. भाडे आणि पोट यांतील एकच निवडायचे असेल, तर माणूस काय निवडील? तिने भाडे सोडले आणि गाडी निवडली.

अशा वृद्धांच्या कामाचेही एक वार्षिक चक्र बनून गेले. उन्हाळ्यात राष्ट्रीय वनांतील पर्यटकांच्या तळांवर देखरेख करायची, म्हणजे पैसे गोळा करायचे आणि शौचालये धुवायची. ऑक्टोबरमध्ये उत्तर डाकोटाच्या परिसरात साखरबीटच्या हंगामावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करायच्या. नाताळापूर्वी ॲमेझॉनच्या गोदामांत सामान उचलायचे. गाडीत राहणाऱ्या हंगामी मजुरांसाठी या कंपनीने २००८ मध्ये 'कॅम्परफोर्स' नावाची खास योजनाच सुरू केली होती. सत्तरीची माणसे गोदामाच्या दगडी फरशीवर दिवसाला मैलोन्‌मैल चालत होती. ऊसतोडीच्या हंगामासाठी बैलगाडीवर संसार लादून निघालेली बीड-नगरकडील कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. फरक एवढाच की, इकडे त्याला स्थलांतर म्हणतात आणि तिकडे मुक्त जीवन म्हणण्याची सोय झाली.

पुण्याच्या अभियंत्याची गाडी आणि लिंडा मेची गाडी रात्री एकाच माळावर शेजारी उभ्या राहिल्या, तर बाहेरून त्यांत काही भेद दिसणार नाही. एकाला वाटेल तेव्हा परत फिरता येते, दुसरीला येत नाही. त्याग आणि वंचना यांतील अंतर नेमके एवढेच असते. ज्याच्याकडे होते आणि ज्याने सोडले, तो त्यागी. ज्याच्याकडून काढून घेतले गेले, त्याच्या अवस्थेला त्यागाचे नाव देणे ही क्रूर थट्टा आहे.

वाळवंटातील चातुर्मास

या भटक्या जगाची दुसरी बाजू मला अधिक विचार करण्यासारखी वाटते. समाज सोडून निघालेल्या या माणसांनी पुढे काय केले? त्यांनी नवा समाज उभा केला.

ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचे वाळवंटी गाव आहे. एरवी तिथे काही हजार लोकांची वस्ती. हिवाळा आला की उत्तरेकडील थंडीपासून सुटका करून घेण्यासाठी आजूबाजूच्या सरकारी जमिनीवर हजारो फिरती घरे येऊन उभी राहतात. सरकारी भूव्यवस्थापन विभागाने तिथे दीर्घ मुक्कामाचे तळ आखून दिले आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांच्या मुक्कामासाठी अनेक वर्षे अवघे १८० डॉलर आकारले जात. अन्यत्र अशा सरकारी जमिनीवर साधारणपणे चौदा दिवसांहून अधिक एका जागी राहता येत नाही.

हे वाचताना आपल्याकडील परिव्राजकांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. संन्याशाने एका ठिकाणी फार काळ रमू नये हा दंडक; पण पावसाळ्यात त्यालाही चातुर्मास एका गावी काढावा लागे. त्या काळात गृहस्थांनी त्याची भिक्षा चालवायची आणि त्याने त्यांना ज्ञान द्यायचे. आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाश्रमाला उरलेल्या तिन्ही आश्रमांचा आधार मानले, ते उगाच नाही. घर सोडणाऱ्याला घर न सोडणाऱ्यांची गरज असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. शिवाय आपल्याकडे वानप्रस्थाचा क्रम गृहस्थाश्रमानंतरचा. ऋणे फेडून मग निघायचे, न फेडता नव्हे.

क्वार्ट्झसाइटच्या माळावर बॉब वेल्स नावाच्या गृहस्थाने दरवर्षी जानेवारीत एक मेळावा भरवण्यास आरंभ केला. १९९५ मध्ये घटस्फोटानंतर उत्पन्न पुरेना म्हणून अलास्कात एका जुन्या गाडीत राहू लागलेला हा माणूस. पहिल्या रात्री तो रडला होता, असे तो स्वतःच सांगतो. आपण जे ठेचकाळत शिकलो ते इतरांना आयते मिळावे, म्हणून त्याने मेळावा सुरू केला. सौर पट्टी कशी जोडावी, स्वस्तात दात कुठे दुरुस्त होतात, एकट्या बाईने रात्रीचा मुक्काम कसा निवडावा, हे तिथे एकमेकांना शिकवले जाऊ लागले. नको असलेल्या वस्तू एका ताडपत्रीवर ठेवायच्या आणि ज्याला हव्या त्याने उचलायच्या, अशी रीतही पडली.

याहूनही बोलके उदाहरण टेक्सास राज्यातील लिव्हिंग्स्टन गावचे आहे. १९७८ मध्ये फिरत्या घरांतून राहणाऱ्या एका जोडप्याने स्थापन केलेल्या 'एस्केपीज' या संघटनेचे मुख्यालय तिथे आहे. एस्केपी म्हणजे निसटून गेलेला. परंतु निसटून गेलेल्या या मंडळींनी काय उभारले? हजारो सभासदांची पत्रे स्वीकारून ती जिथे असतील तिथे पोहोचवणारे टपाल केंद्र, आणि वार्धक्यामुळे किंवा आजारामुळे ज्यांना गाडी चालवणे जमत नाही अशा सभासदांसाठी सेवाकेंद्र. आपली गाडी तिथे कायमची उभी करायची, तिच्यातच राहायचे, आणि जेवण, शुश्रूषा व सोबत केंद्राकडून मिळवायची. रस्ता कितीही लांब असला, तरी एक दिवस हातातले चाक सुटते आणि तेव्हा माणसे लागतात, हे या प्रवाशांनी स्वतःच्याच कृतीतून मान्य केले.

पत्त्याचे मोल

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. मुलाने शेवटी दक्षिण डाकोटा राज्यातील एक पत्ता दिला. तिथे तो राहत नाही, राहण्याचा विचारही नाही. या राज्याने पूर्णवेळ प्रवाशांसाठी एक सोय ठेवली होती. राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवायची आणि टपाल स्वीकारणाऱ्या संस्थेचा पत्ता घ्यायचा, की वाहन परवाना मिळत असे. कारण परवाना, विमा, बँकेचे खाते, कर, न्यायालयाची नोटीस, मतपत्रिका यांतली एकही गोष्ट पत्त्याशिवाय हलत नाही. पुढे अशा कागदी रहिवाशांच्या मताधिकारावर वाद झाला आणि २०२३ मध्ये मतदार नोंदणीसाठी ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घालण्यात आली. स्थानिकांचा प्रश्नही चुकीचा म्हणता येणार नाही. ज्या गावाच्या शाळेचा, रस्त्याचा आणि पाण्याचा भार तुम्ही उचलत नाही, त्या गावाचा कारभार कोणी पाहावा हे तुम्ही कसे ठरवणार?

ज्याला असा कागदी पत्ताही मिळवता येत नाही, त्याचे काय होते? ओरेगॉन राज्यातील ग्रँट्स पास शहराने सार्वजनिक जागेत, आणि तिथे उभ्या केलेल्या गाडीतही, मुक्काम करण्यास बंदी घालून दंड ठेवला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने शहराला असे नियम करता येतात असा निर्णय दिला. समुद्रकिनारी उभी असलेली नवी कोरी गाडी दिसली की लोक कौतुकाने छायाचित्रे घेतात. गल्लीत उभ्या असलेल्या जुनाट गाडीत कोणी झोपलेले दिसले की पोलिसांना कळवतात. राहण्याची पद्धत एकच, पण एकाला प्रवासी म्हणायचे आणि दुसऱ्याला निराश्रित.

आपल्या वेशीबाहेरची बिऱ्हाडे

अमेरिकेला नावे ठेवून थांबणे सोपे आहे. पण हा आरसा आपल्यासमोरही धरला पाहिजे. चाकांवरचे घर भारताला नवीन नाही. राजस्थानातून निघालेल्या गाडिया लोहारांचे नावच बैलगाडीवरून पडले. १५६८ मध्ये चितोड पडल्यानंतर, गड पुन्हा स्वतंत्र होईपर्यंत छपराखाली राहणार नाही, अशी प्रतिज्ञा आपल्या पूर्वजांनी केली, अशी त्यांची परंपरा सांगते. १९५५ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडावर समारंभपूर्वक प्रवेश झाला. प्रतिज्ञा पूर्ण झाली, समारंभ झाला. पण रस्त्याच्या कडेला ऐरण मांडून बसलेली लोहारांची कुटुंबे त्यानंतरही दिसतच राहिली. गडाचे दार उघडले, घराचे उघडले नाही.

महाराष्ट्रातील भटक्या-विमुक्तांची कथा याहून कठोर आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. जे एका जागी राहत नाहीत ते संशयित, हा त्यामागील विचार. हजेरी लावल्याशिवाय गाव सोडता येत नसे, आणि सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. हा कलंक ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्यातून पुसला गेला, मनातून मात्र पुसला गेला नाही. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, त्यानंतर दादा इदाते यांच्या आयोगानेही दिला. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीसारख्या प्रकल्पांत पालांवरची मुले शिकून उभी राहिली. कामे झाली, पण पुरेशी झाली नाहीत. शिधापत्रिका हवी तर पत्ता लागतो, जातीचा दाखला हवा तर जुन्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि ज्याचा आजाही पालातच जन्मला त्याने तो पुरावा आणायचा कुठून?

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. फिरत्या घरांना उभे राहायला जागा, पाणी, वीज आणि स्वच्छतागृहे मिळावीत, हा त्याचा आशय. पर्यटन वाढावे, त्याला विरोध असण्याचे कारण नाही. पण वेशीबाहेर पाल टाकलेल्या कुटुंबालाही नेमके हेच हवे असते: उभे राहायला जागा, प्यायला पाणी, एक दिवा आणि बायाबापड्यांसाठी आडोसा. पर्यटकाला जी सोय म्हणून देतो, ती पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्याला हक्क म्हणून देता येऊ नये काय?

इथे शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आपल्या गावाच्या माळावर पाल पडले, तर पहिला प्रश्न आपण कोणता विचारतो? "हे इथे कधीपर्यंत आहेत?" हाच ना? त्याऐवजी त्यांच्या मुलांची नावे जवळच्या शाळेत घालता येतील. दाखल्यासाठी तहसील कचेरीत त्यांच्याबरोबर एक फेरी मारता येईल. २०२७ च्या जनगणनेसाठी मोजणारा कर्मचारी आपल्या दारी येईल, तेव्हा त्याला माळावरच्या पालापर्यंत घेऊन जाता येईल. यासाठी मोठा निधी लागत नाही; सुटीचा एक दिवस आणि थोडी आस्था लागते.

त्या मित्राला मी एवढेच सांगितले की, मुलाबद्दल विचारणाऱ्यांपासून लपवण्यासारखे यात काही नाही. तो प्रवासात आहे, असे मोकळेपणाने सांगावे. त्याला उपदेशाची पत्रे पाठवू नयेत, मात्र घराचे दार उघडे ठेवावे. निघून जाणाऱ्याचे धाडस त्या उघड्या दारावरच उभे असते, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

फराळ पोहोचला. दक्षिण डाकोटातून तो न्यू मेक्सिकोतील एका लहान गावच्या टपाल कचेरीत गेला आणि मुलाने तिथे जाऊन सोडवून घेतला. शेजारच्या गाडीत एक वृद्ध बाई राहतात, नवरा गेल्यावर घर सुटलेल्या. त्यांना त्याने चकल्या दिल्या. आपल्याला पार्सल येऊन किती वर्षे झाली, ते त्या आठवू लागल्या. हे सांगताना त्याच्या आईचा आवाज भरून आला. यंदा ती दोन डबे भरणार आहे.